नाजूक, ठिसूळ आणि ‘फ्रॅजाइल’

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतून टेम्पो भरभरून खोकी बाहेर पडतात. त्यांतल्या काही खोक्यांवर लाल अक्षरांत एक इंग्रजी शब्द छापलेला असतो : ‘फ्रॅजाइल’. शेजारी काचेच्या पेल्याचे चित्र असते, बहुधा एक छत्रीही असते. या चित्रांना आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. पेला म्हणजे माल फुटणारा आहे, छत्री म्हणजे भिजू देऊ नका, वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर. चित्रे जगाला कळावीत अशी आहेत. शब्द मात्र इंग्रजीच. खोके उचलणारा माणूस बुलढाण्याचा असेल, आझमगडचा असेल, नाहीतर वांगणीकडचा एखादा आदिवासी तरुण असेल. त्याने तो शब्द वाचावा अशी छापणाऱ्याचीही अपेक्षा नसावी. शब्द छापला म्हणजे आपली जबाबदारी संपली. पुढे काही फुटले तर तो हमालाचा निष्काळजीपणा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, त्यांच्या मजुरीला आणि हक्कांना काही आधार दिला. पण त्यांच्या डोक्यावरच्या खोक्यावर काय लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत लिहावे, एवढे साधे काम अजून राहून गेले आहे.

आता लिहायचे ठरवले तर काय लिहावे? वर्गात हा प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरून ‘नाजूक’ असे उत्तर येते. मागून कोणीतरी ‘ठिसूळ’ म्हणते. एखादा संस्कृत घेतलेला विद्यार्थी ‘भंगुर’ म्हणतो आणि सगळे हसतात, कारण मराठीत भंगुर म्हटले की त्याच्या आधी ‘क्षण’ यावाच लागतो आणि मग कीर्तन सुरू होते. खोक्यावर ‘क्षणभंगुर’ लिहिले तर ते फोडून पाहण्याआधी हमाल हात जोडील.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की या एका इंग्रजी शब्दाला एक मराठी प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोपच आपल्याला आडवाटेला नेतो. हे मत पटवून देण्यासाठी थोडा फेरफटका मारावा लागेल. वाचकांनी तेवढी सवड द्यावी.

प्रथम ‘नाजूक’. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि असा रुळला की त्याच्या परकेपणाची कोणाला शंकाही येत नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना पर्याय देवविले, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. तरी ‘नाजूक’ आपल्या जागी सुखरूप राहिला. उल्हासनगरच्या सिंधी घरांतही तो आहे, उर्दूत आहे, हिंदीत आहे. आपल्या या तीन गावांतल्या लोकलच्या डब्यात सर्व भाषांच्या बायकांना सारखाच कळणारा हा शब्द आहे.

पण त्याचा अर्थ काय? नाजूक बोटे, नाजूक कलाकुसर, नाजूक आवाज. इथे सौंदर्य आहे, बारीकपणा आहे. मग ‘प्रकृती नाजूक आहे’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा नातेवाईक गावाकडे फोन करू लागतात. ‘प्रश्न नाजूक आहे’ असे पुढारी म्हणाला की तो काहीच करणार नाही असे समजावे. संस्थेची आर्थिक स्थिती नाजूक असते, म्हणजे पगार लांबणार. आणि दोन माणसांचे ‘नाजूक संबंध’ असतात तेव्हा आवाज खाली आणून बोलायचे असते. यांतल्या बहुतेक ठिकाणी मोडण्या-फुटण्याचा थेट संबंध नाही. नाजूक म्हणजे ज्याला हात लावताना विचार करावा लागतो ते. इंग्रजीतला ‘डेलिकेट’ हा शब्द याच्या जवळचा. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ सुखद, मऊ, लाडावलेला असा होता. मोडण्याशी त्याचे जन्मतः नाते नव्हते. त्यामुळे आपल्याकडची सुशिक्षित मंडळी ‘पोझिशन फार डेलिकेट आहे’ म्हणतात तेव्हा ती ‘नाजूक’चेच भाषांतर बोलत असतात.

नाजूक आणि मोडणारे यांत केवढे अंतर आहे ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. अंबरनाथ स्टेशनवर पूर्वेला उतरून वालधुनीच्या काठचे शिवमंदिर पाहावे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे आणि त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींची कमरेची वळणे, दागिन्यांचे पदर, शिखरावर ओळीने चढत जाणाऱ्या लहान लहान शिखरांची माळ. या कामाला नाजूक याखेरीज दुसरा शब्द नाही. आणि दगड कोणता? आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, ज्याच्यावर छिन्नी बोथट होते. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने काढले आहेत. झिजला आहे, काही मूर्तींचे चेहरे ओळखू येत नाहीत, पण उभा आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण आपण उठता-बसता वापरतो; तिच्यातली गंमत अशी की घाव सोसणारा दगड कठीणही हवा आणि चिवटही हवा. ठिसूळ दगडाचा देव होत नाही, खडी होते.

इथे ‘ठिसूळ’ आला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकलो की धातूंना वर्धनीयता आणि तन्यता असते, अधातू ठिसूळ असतात. हातोडी मारली की पत्रा पसरतो, कोळशाचे तुकडे होतात. म्हणजे ठिसूळ होण्यासाठी आधी कठीण असावे लागते. लोणी ठिसूळ नसते. खडू ठिसूळ, चिक्की ठिसूळ, म्हातारपणी हाडे ठिसूळ. वाकण्याची मधली पायरीच ज्याला नाही, जे धडधाकट दिसते आणि एकाएकी दोन तुकडे होते, ते ठिसूळ. या दृष्टीने पाहिले तर आपला अत्यंत आवडता मराठी बाणा, ‘मोडेन पण वाकणार नाही’, हा ठिसूळपणाच्या शास्त्रीय व्याख्येशी अक्षरशः जुळतो. हे मी कोणाला दुखवण्यासाठी म्हणत नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तसे आहे. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला याचा उलगडा अधिक लवकर होतो. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले, तेही पाहिले. पाणी ओसरल्यावर काठावर कुंपणाचे खांब आडवे पडलेले असतात आणि गवत चिखल झटकून पुन्हा उभे राहते.

तिसरा शब्द ‘तकलादू’. यात वस्तूचा स्वभाव नसून करणाऱ्याची लबाडी आहे. काच फुटते यात काचेचा दोष नाही, पण खुर्ची बसल्याबरोबर मोडली तर सुताराला शिव्या बसतात. उल्हासनगरच्या वाट्याला हा शब्द फार आला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईत दोन पिढ्यांनी ऐकला आणि ऐकवला. विनोद म्हणून ठीक आहे. पण ज्या गावाला उद्देशून तो केला जातो त्याची हकीकत थोडी लक्षात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली नव्वद हजारांहून अधिक माणसे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीच्या भिंती तात्पुरत्या, छपरे तात्पुरती, सामान तर नव्हतेच. त्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली, बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी लोकलमध्ये किरकोळ माल विकला. तकलादू घरांत चिवट माणसे राहत होती. आजही उल्हासनगरचा पापड दूरदूर जातो. पापड ही मोडणारीच वस्तू. पण पापड लाटणाऱ्या बाईचे मनगट पाहिले तर तिला कोणी नाजूक म्हणणार नाही.

पापडावरून आठवले. खाण्याच्या बाबतीत आपण मोडण्याचे कौतुक करतो. अनारसा, चिरोटा, खाजे, करंजी यांना ‘खुसखुशीत’ म्हणतो, पापडाला ‘कुरकुरीत’ म्हणतो. करंजी हातात घेताच मोडली पाहिजे. न मोडली तर तिला ‘चामट’ म्हणतो आणि करणारीचा चेहरा उतरतो. ज्या गुणाला ट्रकमध्ये दोष म्हणावे तोच ताटात गुण होतो, आणि भाषेने त्यासाठी वेगळे शब्द ठेवले आहेत. इंग्रजी कोशात ‘फ्रॅजाइल’पाशी करंजी सापडायची नाही.

आणखी दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. एक ‘कोवळा’. कोवळी फांदी मोडते, कोवळे ऊन सोसवते, कोवळ्या वयाला जपावे लागते. कोवळेपणात काळ भरलेला आहे. आज मोडेल, पण जून झाल्यावर मोडणार नाही, असे आश्वासन या शब्दात आहे. दुसरा ‘हळवा’. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला हळवा म्हणजे पटकन रडणारा एवढेच ठाऊक असते. पण बदलापूरच्या आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. त्याचे भात हळवे असते, निमगरवे असते, गरवे असते. हळवे भात म्हणजे लवकर तयार होणारे, गरवे उशिरा. उताराच्या, पाणी न टिकणाऱ्या जमिनीत हळवे लावतात, कारण पाऊस संपायच्या आत ते हाती येते. मुरगळलेला पाय बरा झाला तरी काही दिवस ‘हळवा’ राहतो, म्हणजे लगेच कळ देतो. तेव्हा हळवा माणूस मोडका नसतो; त्याला गोष्टी इतरांच्या आधी पोचतात. हल्ली वर्गात मुले एकमेकांना ‘किती फ्रॅजाइल आहेस रे’ असे म्हणताना ऐकतो. जरा कोणाचे डोळे पाणावले, कोणी टीका मनाला लावून घेतली, की हा शब्द फेकला जातो. खोक्यावरचा शब्द माणसाच्या कपाळावर चिकटवल्यासारखे ते वाटते. आपल्याजवळ ‘हळवा’ असताना दुसऱ्याच्या दुःखाला खोक्याच्या भाषेत बोलावे, याचे मला वाईट वाटते. आणि ज्याला खरोखर नुसतीच ऐट आहे, आत काही नाही, त्याच्यासाठी ‘तकलादू’ आहेच.

आता थोडे व्युत्पत्तीकडे. ‘फ्रॅजाइल’ लॅटिनमधल्या मोडणे या अर्थाच्या धातूवरून आला. त्याच कुटुंबात फ्रॅक्चर आहे, जे मराठीत घरोघरी झाले आहे. फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक आहे. आणि ‘फ्रेल’ ही त्याची सख्खी बहीण आहे. तीच बहीण फ्रेंचांच्या घरी राहून इंग्रजीत आली, म्हणून चेहरा थोडा वेगळा दिसतो. हॅम्लेटने आईवर रागावून सगळ्या स्त्रीजातीला जो दुबळेपणा चिकटवला तो याच शब्दाने. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणले, तेव्हापासून आपल्या प्राध्यापकांनी तो संवाद कितीदा शिकवला असेल याची गणती नाही. तो शिकवताना वर्गातल्या मुलींकडे पाहून मिस्कील हसण्याचीही एक परंपरा होती. त्यातल्या काही मुली पहाटे उठून टँकरचे पाणी भरून, बदलापूरहून गर्दीच्या लोकलला लटकून आलेल्या असत. नाजूक कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण तास चुकवून त्यांना परवडणारे नव्हते.

संस्कृताने या बाबतीत काय केले तेही पाहण्याजोगे आहे. भंज् म्हणजे मोडणे, त्यापासून ‘भंगुर’. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात यासाठी खास सूत्र आहे, त्याच सूत्रात ‘भासुर’ आणि ‘मेदुर’ही सिद्ध होतात. हा प्रत्यय स्वभाव दाखवतो : मोडणे हा ज्याचा स्वभाव तो भंगुर. लगेच पुढच्या सूत्रात ‘भिदुर’ आणि ‘छिदुर’ येतात, आणि त्यांच्याच पंक्तीला जाणण्याचा स्वभाव असलेला ‘विदुर’ही बसतो. काशिकेतली उदाहरणे अशी की लाकूड भिदुर आणि दोरी छिदुर. लाकूड दुभंगते, दोरी तुटते. दोघांना एक विशेषण चालत नाही. सिंधीत मोडण्याला ‘भञणु’ म्हणतात, तोही याच भंगाच्या घरचा. उल्हासनगरच्या सिंधी आजीला आणि आपल्या संस्कृतच्या सरांना हे नाते कोणी सांगितले तर दोघांनाही बरे वाटेल.

लाकूड आणि दोरी यांतला हा भेद मराठीने पुढे किती वाढवला ते बघा. मडके फुटते, दोरा तुटतो, काडी मोडते, कापड फाटते, काच तडकते, बांबू पिचतो, भिंत खचते, दरड कोसळते, लाकूड चिरते, वरवंट्याचा टवका उडतो, बिस्किटाचा चुरा होतो, जुने लुगडे विरते. परकीय विद्यार्थ्याला मराठी शिकवताना याचा कस लागतो. दोरा फुटला, मडके तुटले असे तो म्हणतो आणि आपल्याला हसू येते, पण का चुकले ते चटकन सांगता येत नाही. जे पोकळ आहे, ज्याच्या आत काही आहे किंवा ज्याचे कवच आहे, ते फुटते : मडके, अंडे, डोके, धरण, पेपरसुद्धा. जे ताणलेले किंवा जोडलेले आहे ते तुटते : दोरा, पूल, संबंध, लचका. जे आकाराने उभे आहे ते मोडते : काडी, खुर्ची, हाड, लग्न, संसार. म्हणून नाते तुटते पण संसार मोडतो. अश्रूंचा बांध फुटतो, धीर सुटतो, माणूस मनाने खचतो. गरिबीत वर्षानुवर्षे राबलेला माणूस पिचतो. दाबून दाबून आतल्या आत चिरफळ्या झालेल्या बांबूसारखा, बाहेरून आकार तसाच. ही सगळी क्रियापदे आपण विचार न करता बरोबर वापरतो. ‘नाजूक’ आणि ‘ठिसूळ’ यांच्यात घोटाळा करणारा विद्यार्थीही ‘फुटणे’ आणि ‘तुटणे’ यांत घोटाळा करीत नाही. वस्तू कशी मोडते याचे ज्ञान मराठीने विशेषणांत कमी आणि क्रियापदांत जास्त साठवले आहे, असे माझे म्हणणे आहे.

इतकेच नव्हे, तर काही वेळा मोडण्याचे क्रियापद आपण उच्चारायलाच तयार नसतो. बांगडी ही घरातली सर्वांत फुटकी वस्तू. भांडी घासताना फुटते, गर्दीत फुटते. पण जुन्या बायका ‘बांगडी फुटली’ म्हणत नाहीत. ‘बांगडी वाढली’ म्हणतात. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर ‘मंगळसूत्र वाढले’. कपाळाचे कुंकू पुसले गेले तर ‘कुंकू वाढले’. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करीत नाहीत, तेही वाढवतात. जे कमी झाले, मोडले, मिटले त्याला वाढले म्हणायचे. परक्याला हे कोडे वाटेल. यात शुभाशुभाची भीती आहे, हे खरे. बांगड्या फुटणे म्हणजे वैधव्य, हा अर्थ एवढा जवळ दबा धरून बसलेला असे की रोजच्या अपघाताला तो शब्द लावायची छाती होत नसे. ती भीती समाजाने बाईच्या मनगटावर बांधली होती, आणि ती गेली तर चांगलेच आहे. पुष्कळशा घरांतून ती गेलीही आहे. नव्या मुली बिनदिक्कत ‘बांगडी फुटली’ म्हणतात. तरी भाषेच्या दृष्टीने पाहता ‘वाढणे’ हा शब्द मला सुंदर वाटतो. काचेच्या वस्तूशी शतकानुशतके राहिलेल्या माणसांनी तिच्या फुटण्याला दिलेला तो मान आहे. अब्रू काचेच्या भांड्यासारखी असते असे आपण म्हणतो आणि मुलाला तळहातावरच्या फोडासारखे जपतो. जपणे हा शब्दही इथलाच, जपमाळेच्या जपाचा शेजारी. इंग्रजी खोक्यावर ‘हँडल विथ केअर’ लिहावे लागते. मराठीत ‘जपून’ एवढे पुरे.

येथवर शब्दांची गंमत झाली. पण गंमत म्हणून सोडून द्यावे असे हे प्रकरण नाही. मे २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या काळात, उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी एक, २८ मेच्या रात्री दुसरी. दुसऱ्या ठिकाणी पाचव्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन खाली आला आणि सात माणसे मेली. या काही शिलाहारांच्या काळच्या वास्तू नव्हत्या. वालधुनीच्या वरच्या अंगाला साडेनऊशे वर्षांचे मंदिर उभे, आणि तिच्याच खालच्या अंगाच्या गावात आपल्या डोळ्यांदेखत बांधलेले घर उभे राहत नाही. याला नाजूक म्हणायचे का? वर्तमानपत्रांनी ‘जर्जर’ लिहिले, ‘मोडकळीस आलेली’ लिहिले. मोडकळीस यायला म्हातारपण यावे लागते. वाडा मोडकळीस येतो. या इमारती म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. त्यांना नेमका शब्द ‘तकलादू’ आहे, कारण त्यात करणाऱ्याकडे बोट आहे. तो शब्द आपण उल्हासनगरच्या शिवणयंत्रावर आणि चपलेवर इतका उधळला की जिथे वापरायला हवा होता तिथे तो आठवला नाही.

पावसाळ्यापूर्वी महापालिका आणि नगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची. ‘सी-२अ’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. ‘सी-२ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. ही वर्गवारी अभियंत्याच्या सोयीची आहे आणि त्याच्या टेबलावर ती असावी. पण तीच अक्षरे नोटिशीत येतात, नोटीस जिन्याच्या भिंतीला चिकटते आणि खाली कलमांची रांग. चौथ्या मजल्यावरची बाई ती वाचते, तिला ‘संरचनात्मक परीक्षण’ हा शब्द दिसतो, आणि ती भाजी चिरायला आत जाते. ती अडाणी आहे म्हणून नव्हे. जायचे कुठे हा तिचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नोटिशीत नसते, हे तर आहेच. पण निदान धोक्याची भाषा तरी धोक्यासारखी असावी. ‘अतिधोकादायक’ हा शब्द डीपीच्या खांबावर असतो, रॉकेलच्या टाकीवर असतो, रेल्वेच्या तारांवर असतो. रोज पाहून त्याची धार गेली आहे. त्याऐवजी मोठ्या अक्षरांत ‘ही इमारत पडेल’ असे लिहिले तर? कायदेशीर भाषा खाली बारीक अक्षरांत राहू द्यावी. ‘पडेल’ वाचून निदान रात्री छताकडे एकदा बघितले जाईल, भेगेवर लावलेला पुट्टीचा लेप खरवडून पाहिला जाईल. कोणी म्हणेल याने घबराट पसरेल. पसरावी. सातजण गेल्यावर पसरण्यापेक्षा आधी पसरलेली बरी.

खोक्याचेही तेच. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवीत आहे, त्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु ‘फ्रॅजाइल’साठी विशेषण घडविण्याच्या फंदात कोणी पडू नये. विशेषण वस्तूचे वर्णन करून थांबते. आत काय आहे आणि आपटले तर काय होईल, हे क्रियापद सांगते, आणि हमालाला तेच हवे असते. काचसामान असेल तर ‘फुटेल’. फरसाण-पापड असतील तर ‘चुरा होईल’. ट्यूबलाइट असतील तर ‘आडवे पडू देऊ नका, फुटतील’. यंत्राचा सुटा भाग असेल तर ‘आपटू नका, मोडेल’. छापखान्याला यात एक पैशाचा जादा खर्च नाही. बाहेरराज्यांत जाणाऱ्या मालावर शेजारी हिंदी लिहावे, इंग्रजीही राहू द्यावी, पेल्याचे चित्रही राहू द्यावे. आक्षेप एकच संभवतो की प्रत्येक मालाला वेगळा शब्द शोधावा लागेल. शोधावा. माल बनवणाऱ्याला तो कसा मोडतो हे ठाऊक नसेल तर कोणाला असणार?

जूनच्या सुरुवातीला बदलापूर स्टेशनबाहेर जांभळे घेऊन बायका बसतात. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे आता त्याच्यासाठी छापील खोकी निघतील आणि त्यांवर काहीतरी छापावे लागेल. जांभळीची फांदी दगाबाज. जाडजूड दिसते आणि भार पडताच काड्कन मोडते, म्हणून झाडावर चढणारा जपून चढतो. त्याच झाडाचे लाकूड पाण्यात मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि विहिरीच्या तळाला घालतात. फळाची साल इतकी पातळ की दुपारपर्यंत टोपलीतले खालचे थर रस सोडतात. या सगळ्याला मिळून एक विशेषण कोशकारांनी शोधून पाहावे. टोपलीवर काही लिहिलेले नसते. गिऱ्हाईक चाचपू लागले की बाई म्हणते, “दाबू नका हो दादा, फुटंल.”